दोरीचे दुसरे टोक

श्री केवळनाथ महाराजांच्या पायाला भिंगरी होती. आज या गावी तर उद्या त्या गावी. सामान म्हणजे एक घोंगडी, एक काठी आणि ताक प्यायचा वाळका भोपळा. पण चातुर्मासात यतीने वाट चालू नये असा शास्त्राचा नेम आहे, आणि त्या नेमाने एका वर्षी महाराजांना खडकवहाळ गावात धरून ठेवले. महाराज स्वतः मात्र हसत म्हणत, "मला शास्त्राने नाही, ताकाने धरून ठेवले आहे."

आणि ते काही खोटे नव्हते. खडकवहाळ म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे, ओढ्याकाठचे गाव. कुरण चांगले, त्यामुळे घरटी गाय नाहीतर म्हैस होतीच. पहाटे गल्लीतून जावे तर प्रत्येक दारातून डेरा घुमत असलेला ऐकू यावा. या गावाची एक चांगली रीत होती. दूध विकायचे, तूप विकायचे, पण ताक कधी विकायचे नाही. आणि दारी जो येईल त्याला ताकाला नाही म्हणायचे नाही. गावात बाळकृष्णाचे एक जुने देऊळ होते. त्याच्या ओवरीत महाराजांनी घोंगडी अंथरली, आणि सकाळ झाली की भोपळा घेऊन ते ताकाला निघत.

"लोक ताकाला जाऊन भांडे लपवतात," ते म्हणत. "मी गोसावी. मी आधी भांडे पुढे करतो, मग हाक मारतो."

त्यांची पहिली हाक असे ती गावाच्या टोकाला, ठकूबाईच्या दारात. ठकूबाईचे घर एकखणी, आणि दार तर इतके ठेंगणे की वाकल्याशिवाय आत पाऊल पडायचे नाही. पहिल्याच दिवशी महाराजांचे कपाळ चौकटीवर चांगले आपटले. ठकूबाई ओशाळून गेली. महाराज कपाळ चोळत म्हणाले, "माय, तुझे दार शहाणे आहे. येईल त्याला आधी नमस्कार करायला लावते." तेव्हापासून ठकूबाईला या गोसाव्याची भीती म्हणून वाटली नाही. जन्माची ओळख असल्यासारखी ती त्यांच्याशी बोलू लागली.

या ठकूबाईचा डावा हात लुळा होता. लग्न होऊन ती या घरी आली त्याच वर्षी, गाईला पाणी पाजायला नेताना गाय बुजली, हाताला गुंडाळलेले दावे खेचले गेले आणि ती उतारावरून फरपटत गेली. जीव वाचला, पण हात खांद्यापासून लोंबता राहिला. पुढच्या साली नवरा तापाने गेला. पोटी काही नव्हते. अशा सुनेला माहेरची वाट दाखवणारी घरे काय कमी असतात? पण ठकूची सासू, आत्याबाई, निराळ्या मातीची होती. तिने सुनेला जवळ ओढले आणि म्हणाली, "लेकरू न्हाई म्हणून रडू नगंस. देवळात एक बसलंय की. रोज सकाळी भुकेलेलं असतंय. त्याला भरव."

ते नुसते समजुतीचे बोलणे नव्हते. देवळातली बाळकृष्णाची मूर्ती मुळात याच घराच्या कुणा पूर्वजाला गाई चारताना ओढ्यात सापडली होती, म्हणून देवाच्या लोण्याचा मान या घराकडे होता. रोज सकाळी सुपारीएवढे लोणी नैवेद्याला, आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, काल्याला, नारळाएवढा गोळा. काल्याचे लोणी रवीनेच काढलेले असले पाहिजे, आणि आरतीच्या आधी देवापुढे आले पाहिजे. एक वर्ष जरी चुकले तरी मान त्या घरातून उठला म्हणून समजावे, अशी गावाची जुनी रीत होती.

आता रवी घुसळायची म्हणजे दोन हात लागतात. रवीच्या दांड्याला दोरीचे वेढे द्यायचे आणि दोन टोके दोन हातांनी आळीपाळीने ओढायची. ठकूला तर एकच हात. मग आत्याबाईने काय करावे? तिने खांबाच्या पलीकडे एक पाट टाकला. सून अलीकडे बसे, सासू पलीकडे. एक टोक हिच्या हाती, एक टोक तिच्या. ही ओढी तेव्हा ती सैल सोडी, ती ओढी तेव्हा ही. अशी वर्षानुवर्षे त्या दोघींनी देवाचे लोणी काढले. आत्याबाईची एक खोड होती. आपली ओढ संपता संपता ती दोरीला एक बारीकसा हिसका देई, जणू पलीकडे सांगावे, हं, आता तुझी पाळी. ठकूला त्या हिसक्याची इतकी सवय झाली होती की झोपेतही तिचा उजवा हात त्याच तालावर हले.

त्या वर्षी वैशाखात आत्याबाई गेली.

सुतक फिटल्यावर ठकूने डेरा मांडला, पाट टाकला, आणि मग तिच्या ध्यानात आले की पलीकडे कुणी नाही. त्या दिवशी ती खूप रडली. पण देवळातले लेकरू भुकेले राहून कसे चालेल? तिने तांब्यात दही घातले, तोंडाला फडके बांधले, तांब्या छातीशी धरला आणि एका हाताने हलवीत राहिली. तासाभराने सुपारीएवढा गोळा निघाला. रोजच्या नैवेद्याचे असे भागू लागले. काल्याचे मात्र तांब्याने भागणार नव्हते. श्रावण लागला तशी तिची भाकरी कमी होत गेली.

गावात दुसरे एक मोठे घर होते, पाटलांचे. गोठा दुभत्या म्हशींनी भरलेला, रवीच्या दांड्याला चांदीचे कडे, आणि घुसळायला दोन गडणी कामाला ठेवलेल्या. या घरच्या पाटलीणबाईंना सारा गाव मथुराक्का म्हणे. बाई मनाने वाईट नव्हती. अडल्यानडल्याला दूध द्यायची, बाळंतिणीच्या घरी तूप धाडायची. पण देवाच्या लोण्याचा मान एका चंद्रमौळी घरात असावा, हे तिला आयुष्यभर खुपत आले होते. आत्याबाईपुढे तिची डाळ शिजली नाही. ठकूपुढे शिजेल असे तिला वाटले.

अष्टमी आठवड्यावर आली तेव्हा देवळाच्या पायरीवर बायका फुलवाती वळत बसल्या होत्या. ठकूची शेजारीण कोंडाबाई म्हणाली, यंदा काल्याला मी ठकूच्या पलीकडे बसेन आणि दोरी धरेन, त्यात काय एवढे! ठकूचा चेहरा उजळला. तेवढ्यात मथुराक्काने हातातली वात खाली ठेवली.

"दोन उंबऱ्यांचं लोणी देवाला चालत न्हाई," ती म्हणाली. "दोरीचं टोक ज्याच्या हातात, त्याच्या घरचं निम्मं लोणी. ह्ये तुज्या आत्याबाईनंच सांगितल्यालं हाय, ठकू. व्हय का न्हाई?"

ठकूने मान खाली घातली. खरेच होते ते. घुसळणीचे सारे नेमधर्म आत्याबाई कडक पाळी. दिवे लागल्यावर विरजण कुणाला द्यायचे नाही. रवीला पाय लावायचा नाही. लोणी यायला लागले की बोलायचे नाही आणि मान वर करायची नाही, नाहीतर दृष्ट लागून लोणी फिरते. आणि देवाच्या लोण्यात दुसरा उंबरा नाही. सासूमागे तिचा नेम मोडायचा, हे ठकूच्याने होणारे नव्हते. तिने कोंडाबाईचा हात हातात घेतला आणि तिला नको म्हणाली.

मथुराक्का मग मऊ आवाजात म्हणाली, "एका हातानं टाळी वाजत न्हाई, बाई, मग ताक कसं हुईल? देवालाबी धडधाकट हाताचं लागतं. तू हट्ट सोड. काल्याला माज्याकडलं लोणी येऊं दे." आणि ओवरीत महाराज जप करीत बसले होते, त्यांच्याकडे एक नजर टाकून तिने आणखी पुस्ती जोडली की, ठकूने रोज ताक पाजून गोसावी तर हाताशी धरला आहे, पण असले बुवा ताकापुरते रामायण सांगतात आणि भोपळा भरला की चालू लागतात. दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. महाराजही हसले. ताकापुरते का होईना, रामायणच ना, असे काहीसे ते पुटपुटले आणि पुन्हा माळ ओढू लागले.

दुसऱ्या दिवशी ते ताकाला आले तेव्हा ठकू गाईच्या अंगाला डोके टेकून उभी होती. महाराज वाकून आत आले, आपणच पाट ओढून बसले. तिने सारे सांगितले. मान गेला तर घरात काय उरणार, हेही सांगितले. लोकांना वाटते की नारळाएवढ्या लोण्याचा प्रश्न आहे. पण एकदा पाटलांच्या घरचे लोणी देवापुढे गेले की रोजचा नैवेद्यही त्यांचाच होणार, आणि मग सकाळी उठून कुणासाठी विरजण मोडायचे? या जगात तिला एक लेकरू होते, तेही आता दुसरीकडे जेवायला जाणार होते.

महाराजांनी भोपळा पुढे केला, तिने तो ताकाने भरला. मग त्यांनी विचारले, "तू त्याच्याकडेच का नाही मागत? इतकी वर्षे भरवलेस. हात दे म्हणावे."

ठकू गोंधळली. असा विचार तिने कधी केलाच नव्हता.

"लेकराकडं कुनी मागतं व्हय, म्हाराज?" ती म्हणाली. "त्याला भरवायचं असतंय."

काय बोलली ती माउली! मोठमोठे वेदांती ज्यांच्या तोंडून शब्द ऐकायला तिष्ठत, त्या महाराजांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. त्यांनी भोपळा तोंडाला लावला, तो तोंड लपवायलाच. ताक पिऊन झाल्यावर ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "माय, काल्याच्या पहाटे तू डेरा मांड. पाटही मांड, रोजच्या जागी. आणि तुझे टोक ओढ. दुसरे टोक कोण ओढणार, ही काळजी तुझ्याकडे दिली कुणी?"

अष्टमी झाली. देवाचा जन्म झाला, पाळणा म्हटला गेला, सुंठवडा वाटला गेला. पहाटे काकड्याला सारा गाव पुन्हा देवळात जमला. मथुराक्का तर अगदी पुढे, महाराजांच्या समोरच बसली होती. जवळ चांदीच्या वाटग्यात लोण्याचा पांढराशुभ्र गोळा केळीच्या पानाने झाकून ठेवला होता. गडणींनी आदल्या दिवशीच तो काढून पाण्यात ठेवला होता. आरतीपर्यंत ठकू आली नाही की पान उचलायचे, एवढेच बाकी होते.

ठकू त्या वेळी आपल्या घरात डेऱ्यापुढे बसली होती. चुंबळीवर डेरा नीट बसवला होता, डेऱ्याला हळदकुंकवाची बोटे ओढली होती, रवी खांबाच्या कडीत अडकवली होती, दोरीचे वेढे दिले होते. पलीकडे आत्याबाईचा पाट होता. त्यावर तिने दोरीचे दुसरे टोक नेऊन ठेवले. महाराजांनी सांगितले होते खरे, पण माणसाचे मन ते. रिकाम्या पाटाकडे पाहून तिचा धीर होईना. तिने ते टोक उचलून दातांत धरले. एकदा हाताने ओढावे, एकदा मान मागे टाकून दातांनी. चार-सहा फेरे झाले नाहीत तोच दोरी ओठावरून सरकली आणि ओठ फाटला. रक्ताचा थेंब डेऱ्यात पडेल या भीतीने ती झटकन मागे झाली. दही तसेच होते, ढिम्म. देवळातून काकड्याचे सूर येत होते.

तिने ओठ पदराने पुसला. चूळ भरली. दोरीचे टोक धुऊन पुन्हा पाटावर ठेवले आणि आपल्या जागी बसली. 'आत्याबाई,' ती मनात म्हणाली, 'मी माझं टोक ओढते. आलं तर आलं.' आणि आत्याबाईची आवडती ओवी तिने हळू आवाजात धरली.

पहाटंच्या पारी, डेरा बोलतो घुमूघुमू,
लोणी मागाया दारी, वाळा वाजतो रुमूझुमू.

तिने ओढले. दोरी सरसरत सगळी तिच्याकडे आली, दुसरे टोक पाटावरून उचलले गेले, आणि रवी अर्धा फेरा घेऊन थांबली. इथे दोरी संपायची. एका हाताची धाव इथवरच होती.

पण दोरी परत गेली.

सावकाश, जडशी, पलीकडून कुणी ओढावी तशी ती तिच्या मुठीतून सरकली.  ठकूच्या हाताने वाट पाहिली नाही. इतक्या वर्षांची सवय, त्याने आपली पाळी ओळखली आणि ओढले. दोरी पुन्हा गेली. पुन्हा आली. रवी फिरू लागली, डेरा घुमू लागला. आरंभी पलीकडचा हात जरा नवखा होता. ओढ कमी-जास्त होई, मध्येच अडखळे, कधी घुसळण न केलेल्या पुरुषमाणसासारखी. मग त्याला ताल सापडला. आणि मग, ओढ संपता संपता, एक बारीकसा हिसका आला. हं, आता तुझी पाळी.

ठकूच्या डोळ्यांना धार लागली. मान वर करून पाहावे असे तिच्या जिवाला झाले. कोण आहे पाटावर? आत्याबाई आहे? की तो स्वतः बसला आहे, लोण्याचा लोभी? पण डेऱ्याचा आवाज आता बदलला होता. घळघळ होती ती भरीव झाली होती, दांड्याला लोण्याचे कण चिकटू लागले होते. लोणी येताना मान वर करायची नाही. तिने ओवी थांबवली, डोळे डेऱ्यात रोवले, आणि दोरीचे टोक क्षणभर मांडीवर टाकून चुळकाभर कोमट पाणी तेवढे सोडले. एवढा मोठा मोह त्या बाईने एका नेमासाठी गिळला. तिला दिसत होती ती फक्त ताणलेली दोरी, खांबाच्या पलीकडच्या अंधाराकडे जाणारी आणि येणारी.

लोणी आले तेव्हा रवी आपोआप थांबली. ठकूने वर पाहिले. पाट रिकामा होता. दोरीचे टोक त्यावर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेले होते.

इकडे देवळात त्याच वेळी काय चालले होते, ते तिला मागाहून कळले. महाराज काकड्याला खांबाला टेकून बसले होते, डोळे मिटलेले. भजन रंगात आले तशी त्यांची उजवी मूठ हलू लागली. मांडीपासून छातीकडे, छातीकडून मांडीकडे. मथुराक्का समोरच होती. तिने शेजारणीला कोपर मारून दाखवले, आणि म्हातारपणी हात असे कापतात, आमच्या मामंजींचेही कापायचे, असे सांगून पदराआड हसली. मध्ये मध्ये महाराजांच्या कपाळावर घाम येत होता. मग मूठ थांबली आणि ते डोळे उघडून स्वस्थ बसले.

गुरवाने आरतीचे तबक उचलले. मथुराक्काने पानाला हात घातला. आणि दारातून ठकू आत आली. ओठ सुजलेला, पदर भिजलेला, आणि उजव्या हातात पळसाच्या पानावर नारळाएवढा लोण्याचा गोळा.

बायकांनी तिला वाट करून दिली. गोळा देवापुढे ठेवला गेला. ताजे लोणी ते, अजून त्यावर ताकाचे थेंब होते. हातच्या कंकणाला आरसा कशाला? पण मथुराक्काच्याने राहवेना. तिने विचारले, दोरी धरली कुणी? कोंडाबाईने? कोंडाबाई तर काकड्याला तिच्याच मागे बसून गात होती, सगळ्यांनी पाहिले होते.

"ठावं न्हाई, आक्का," ठकू म्हणाली. "लोणी येत हुतं. म्या मान वर केली न्हाई."

ती खोटे बोलत नाही हे तिच्याकडे पाहून शेंबडे पोरही सांगते. तरीही मथुराक्का बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात महाराजांनी भोपळा पुढे केला. "माय, आज ताक विसरलीस वाटते," ते म्हणाले. "आज तर मला जास्तच तहान लागली आहे." आणि भोपळा खाली ठेवता ठेवता त्यांची मूठ उघडली.

तळहात सोलवटून लाल झाला होता. त्यावर दोरीचे वळ होते, एकाला एक लागून, ताजे, ओले. आणि त्या हाताला ताज्या ताकाचा वास येत होता. मथुराक्का सर्वांत जवळ होती. तिने तो हात पाहिला. मग तिला ती मूठ आठवली, मांडीपासून छातीकडे, छातीकडून मांडीकडे. तिच्या हातातले केळीचे पान खाली पडले.

ठकूही पुढे झाली. "म्हाराज," एवढाच शब्द तिच्या तोंडून फुटला. महाराज तिच्याकडे पाहून लटक्या रागाने म्हणाले, "तुझी दोरी फार राठ आहे, माय. पुढच्या वर्षी सुताची वळून घे." त्या बोलण्यावर कोंडाबाई मोठ्याने रडू लागली, आणि तिच्या मागे सगळ्याच बायका.

पण अभिमान ही चिवट चीज आहे. तो मरता मरताही एकदा शेपूट हलवतो. मथुराक्काचे डोळे भरले होते, तरी ती म्हणाली, "म्हाराज, तुमी धरली म्हंजी... दुसरा उंबरा झालाच की."

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. लहान मुलाने हट्टाने विचारावे आणि बापाने सांगावे, तसे ते म्हणाले, "आक्का, मी गोसावी. मला उंबरा कुठे आहे?"

मथुराक्काने लोण्याचा वाटगा बाजूला सारला. मग ती पुढे आली आणि तिने त्या सोलवटलेल्या हातावर आपले कपाळ ठेवले. धाय मोकलून रडली ती. मी लुळ्या हाताला हसले, तुमच्या हाताला हसले, आता मला काय तो दंड सांगा, असे म्हणू लागली. महाराजांनी तिला उठवले. त्यांनी तिला दंड सांगितला नाही, उलट विचारले, "मी कार्तिकात निघून जाणार. त्यानंतर पलीकडच्या पाटावर कुणी बसायचे?"

मथुराक्काला कळले. ती मान खाली घालून पुटपुटली, "माजा उंबरा लई मोठा हाय, म्हाराज."

"मग तो घरीच ठेवून जात जा," महाराज म्हणाले. "ठकूच्या दारात तसाही तो मावायचा नाही."

खडकवहाळात पुढे किती तरी वर्षे काल्याचे लोणी काढताना बायका पलीकडे एक पाट मांडीत, घुसळणारीला दोन्ही हात असले तरी मांडीत. महाराजांसाठी म्हणून मांडीत. पण या कथेतली खरी गोड पहाट आहे ती काल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

अजून पुरते उजाडले नव्हते. ठकू दही मोडून डेऱ्यात घालीत होती. बाहेर पावले वाजली आणि दाराशी थांबली. ज्या बाईने उभ्या आयुष्यात या घरात पाय टाकला नव्हता, काही निरोप असला तर अंगणातूनच मोठ्याने हाक मारायची, ती पाटलीण दारात उभी होती. अंगावर जुने लुगडे होते, हातातल्या गोठ-पाटल्या उतरवून ठेवलेल्या होत्या. तिला आत ये म्हणावे की उठून उभे राहावे, हेच ठकूला सुचेना.

"ठकू, म्या कधी रवी ओढली न्हाई गं," मथुराक्का बाहेरूनच म्हणाली. "गडणीच करत्यात समदं. मला शिकवशील?"

ठकूने आत्याबाईचा पाट पदराने पुसला आणि खांबाच्या पलीकडे मांडला. दोरीचे टोक त्यावर ठेवले.

मथुराक्काने एकदा चौकटीकडे पाहिले, पदर सावरला, आणि कपाळ लागू नये म्हणून खाली, चांगली खाली वाकून ती आत आली.